ऑटिझम असलेल्या मुलाशी संवाद : घरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

ज्यांच्या मुलाचं निदान नुकतंच झालंय आणि ज्यांना 'स्पीच आणि ओटी सुरू करा' (म्हणजे वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी) एवढंच सांगून घरी पाठवलंय, अशा आईबाबांसाठी हे लिहितोय. थेरपीची वेळ मिळायलाच दिवस जातात, आणि मिळाली तरी ती आठवड्यातून दोनदा पाऊण तास. बाकीचा सगळा वेळ मूल आपल्यापाशी असतं, आणि त्या वेळात करायचं काय हे कुणी नीट सांगत नाही. आमची लेक चार वर्षांची असताना डोंबिवलीच्या घरात आम्ही हेच शोधत होतो. आता ती नऊ वर्षांची आहे. थोडं बोलते, बरंचसं टॅबवर दाखवते, आणि तिला काय हवं, काय नको ते घरात सगळ्यांना कळतं.

'बोलेल कधी?' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. मूल आत्ताही सांगतंच असतं: हात धरून ओढतं, तोंड फिरवतं, ओरडतं, टेबलाखाली जाऊन बसतं. त्या सांगण्याला उत्तर मिळायला लागलं की सांगणं वाढतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. मूल किती बोलेल आणि कधी, याची हमी कुणालाच देता येत नाही. जो देतो, त्याच्याकडे जाऊ नका.

हाताशी काय लागेल

- एक दोनशेपानी वही आणि पेन, स्वयंपाकघरातच ठेवलेलं
- मोबाइलचा कॅमेरा
- घरातल्याच वस्तूंचे छापलेले फोटो, लॅमिनेट करून. मागे लावायला वेल्क्रो (शिवणाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं)
- पारदर्शक, घट्ट झाकणाचे दोन-तीन डबे
- मुलाला आवडणाऱ्या गोष्टींची यादी. 'आवडायला हव्यात' अशांची नव्हे. आमच्या यादीत पहिल्या नंबरवर कपड्यांचे चिमटे होते.

महागडी शैक्षणिक खेळणी, फ्लॅशकार्डांचे संच यांतलं काहीही आत्ता घेऊ नका.

१. आधी कान तपासून घ्या

हाकेला ओ देत नाही, पण चिप्सचं पाकीट फोडलं की दुसऱ्या खोलीतून धावत येतं, म्हणजे ऐकू येतंय, असं सगळेच म्हणतात. बहुतेकदा ते खरंही असतं. तरी तपासणी करून घ्याच. काही आवाज नीट ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असंही असू शकतं. लहान मुलांसाठी बेरा ही चाचणी करतात. मूल झोपलेलं असताना ती होते, त्याला काही सांगावं-बोलावं लागत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवण दोन्हींचं काम चालतं. जिल्ह्याच्या ठिकाणी राहत असाल तर जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) कुठे आहे ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांच्या वाढीतले प्रश्न बघण्यासाठी ती केंद्रं काढलेली आहेत. कानाच्या तपासणीचा अहवाल फाइलमध्ये पहिला लावा. पुढे प्रत्येक जण तो मागतो.

२. आठवडाभर नुसतं बघा आणि लिहा

वहीत चार रकाने आखा: काय केलं, त्याच्या आधी काय झालं होतं, त्याला काय हवं असावं, आपण काय केलं. शिकवायला जाऊ नका, सुधारू नका. आमच्या वहीतल्या दोन नोंदी देतो म्हणजे कल्पना येईल.

'माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेलं. माझा हात हँडलवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. दही हवं होतं. दिलं.'

'कुकरची तिसरी शिट्टी. कान दाबून बाल्कनीत. दार आतून ओढून घेतलं. आवाज नको होता. मी दार उघडून तिला परत आत आणलं, रडली.'

दुसरी नोंद पुन्हा वाचा. तिने 'आवाज नको' हे स्वच्छ सांगितलंय, आणि उत्तर काय मिळालं? आठवड्याच्या शेवटी वही चाळली की लक्षात येतं, मूल दिवसभरात कितीतरी गोष्टी सांगतं. बहुतेक सांगणं दोनच प्रकारचं असतं, 'हे हवं' आणि 'हे नको'. 'हे बघ ना' असं दाखवायला येणं कमी असतं किंवा नसतंच. ते कुठे दिसलं तर तारीख घालून लिहून ठेवा. निदान करणारे आणि थेरपिस्ट हेच विचारतात.

३. खाली बसा आणि त्याच्या खेळात शिरा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यांत मोलाची, आणि घाईत सगळ्यांत आधी वगळली जाते तीही हीच.

दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. टीव्ही बंद, मोबाइल लांब. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला जमिनीवर बसायचं. ते जे करत असेल तेच आपणही करायचं. ते चाक फिरवत असेल तर आपणही एक चाक घ्यायचं. 'असं नाही, गाडी अशी चालवायची, घुर्रर' हे टाळायचं.

आमची लेक बाल्कनीच्या ग्रिलवर रंगारंगाने चिमटे लावायची. शेजारी बसून मी एक निळा चिमटा तिच्या रांगेच्या टोकाला लावला. तिने तो काढला आणि टोपलीत टाकला. मग मी लावला नाही, नुसता तळहातावर धरून बसलो. बऱ्याच वेळाने तिने माझ्या हातातून तो उचलला आणि स्वतः लावला. पुढचा चिमटा मी पुन्हा तसाच धरला. काही दिवसांनी मी मुद्दाम रिकामा हात पुढे केला, तेव्हा तिने आधी हाताकडे आणि मग क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. 'चिमटा कुठे गेला?' असं विचारल्यासारखं. तेव्हा तिच्या तोंडून शब्द एकही येत नव्हता.

या पायरीवर दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं, नजर. हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' करू नका. डोळ्यांत बघत राहिलं की ऐकणं अवघड होतं, असं अनेक ऑटिस्टिक मोठी माणसं स्वतः सांगतात. मूल दुसरीकडे बघत ऐकत असेल तर ते ऐकतंय.

दुसरं, 'याला माणसांचं काही पडलेलंच नाही' हा समज. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक. त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजण्याची ही अडचण दुतर्फा असते. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसंच इतरांनाही तो कळत नाही. मग जुळवून घ्यायचं सगळं ओझं चार वर्षांच्या पोरानेच का वाहायचं?

पालकांनी घरी केलेल्या या कामाचा उपयोग होतो का, अशी शंका असेल तर आपल्या शेजारच्याच गोव्यातलं उदाहरण आहे. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून झालेला एक अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आला. त्यातले कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, त्यांना या कामाचं प्रशिक्षण दिलेलं होतं. पालक आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढायचा आणि पालकांबरोबर बसून तो बघायचा, अशी पद्धत होती. पालकांचं मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं वाढलं, आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं.

हे घरी सहज करता येतं. पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, रात्री नवराबायकोने मिळून बघा, आणि आपण किती प्रश्न विचारले ते मोजा. आकडा बघून दचकाल.

४. आपलं बोलणं छाटा

आपण मुलांशी बोलतो म्हणजे बहुतेक परीक्षाच घेतो. 'हे काय आहे? कुठला रंग? काऊ कसा करतो? सांग ना, सांग काकांना!' त्याऐवजी:

- प्रश्न कमी, वर्णन जास्त. 'बॉल पडला.' 'गरम आहे.' 'आजी आली.'
- मूल बोलतच नसेल तर आपण एका-दोन शब्दांत बोलायचं. ते एक शब्द बोलत असेल तर दोन-तीन शब्दांत. एकच पायरी वर, त्याहून वर नाही.
- सांगून झालं की थांबा. मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे भयंकर लांब वाटतात, आणि नेमकं सातव्या-आठव्याला आजीच्या तोंडून उत्तर निघून जातं. आजीलाही मोजायला सांगा.

एक अडचण नेहमी येते. आपण विचारतो, 'तुला पाणी पाहिजे?' आणि मूल ऐकलं तसंच परत देतं, 'तुला पाणी पाहिजे'. म्हणजे त्यालाच पाणी हवं असतं. म्हणून मुलाच्या तोंडी जे यायला हवं तेच आपण म्हणायचं. ग्लास पुढे करत 'पाणी पाहिजे', किंवा 'मला पाणी'. क्रियापदाचंही तसंच. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा 'मी जाते' म्हणतो. आमची माझ्यामागून 'मी येतो' म्हणायची. लोक हसतात. तुम्ही हसू नका आणि दुरुस्तही करू नका. ती येतेय, हे तिने सांगितलं. कळलं, विषय संपला.

५. मागायला कारण ठेवा

सगळं न मागता हातात मिळत असेल तर मागायचं कशाला? आवडता खाऊ पारदर्शक डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, म्हणजे मूल डबा घेऊन तुमच्याकडे येईल. पोळीचे तुकडे एकदम वाढू नका, दोनच द्या. झोका देता देता मधेच धरून ठेवा आणि वाट बघा. मुलाने हात हलवला, आवाज काढला, डबा पुढे केला, काहीही केलं तरी ते मागणंच समजा आणि लगेच द्या.

सापळा: 'बोल तरच देईन.' हे कधीही करू नका. भुकेलं मूल रडेल, तुम्ही हट्टाला पेटाल, आणि त्याला एवढंच कळेल की मागितलं की भांडण होतं. जेवण, पाणी, शौचालय आणि जीव लावलेलं पांघरूण या चार गोष्टी या खेळात अजिबात आणायच्या नाहीत.

६. चित्रं, खुणा, टॅब: बोलण्याची वाट न बघता

'चित्रं दिली तर ते बोलायचा आळस करेल' हे तुम्हाला नातेवाईक सांगतील, काही डॉक्टरही सांगतील. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. चित्रांनी किंवा यंत्राने बोलणं थांबत नाही, काही मुलांत ते थोडं वाढलेलंच दिसतं.

सुरुवात कागदावर करा. तुमच्याच घरातला स्टीलचा पेला, तुमचंच दही, तुमचंच दार, यांचे फोटो. बाजारातल्या चित्रातला काचेचा ग्लास आणि आपला पेला एकच, हे मुलाला पटेलच असं नाही. चित्र देऊन वस्तू घेण्याची एक शिस्तशीर पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत तयार केली. तिला पेक्स म्हणतात. ती शिकवताना सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक जण चित्र घेण्यासाठी समोर बसतो, दुसरा मुलाच्या मागे बसून न बोलता हाताला मदत करतो. एकट्याने करायला गेलात की मूल चित्राकडे बोट दाखवतं, तुमच्यापर्यंत ते आणून देत नाही.

मोबाइल किंवा टॅबवर चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारी ॲप असतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' नावाचं ॲप पैसे भरून मिळतं. कुठलंही घ्या, दोन गोष्टी पाळा.

ॲप आधी तुम्ही वापरा. मुलाला 'दाब, दाब' करू नका. जेवताना तुम्हीच 'भात' दाबा आणि भात वाढून घ्या. आपण बोलताना बघूनच मुलं बोलायला शिकतात, यातही तेच.

आणि पहिल्याच पानावर 'नको', 'पुरे', 'थांब', 'दुखतंय', 'बाहेर जाऊ' ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांवर नुसता खाऊ असतो. ज्याला 'नको' म्हणता येत नाही तो चावतो.

टॅबची बॅटरी नेमकी दवाखान्यात संपते, म्हणून त्याच चित्रांचा एक कागदी तक्ता पिशवीत असू द्या. बोलण्याचा टॅब आणि गाणी बघायचा टॅब वेगळे ठेवा. परवडत नसेल तर बोलण्यासाठी कागदी तक्ताच बरा.

एक इशारा. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून मोठमोठी वाक्यं टाइप करून घेणारे लोक भेटतील. १९९०च्या दशकात या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. मूल आणि हात धरणारा यांना वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. लांब राहा.

७. तेच तेच वाक्य म्हणतं, त्याचा अर्थ शोधा

जाहिराती, कार्टूनमधले संवाद, आपलीच वाक्यं मुलं जशीच्या तशी म्हणत राहतात. पूर्वी याला निरर्थक बडबड समजून थांबवायला सांगायचे. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच वाक्यांना काम असतं: मागणं, नाकारणं, संवादात आपली पाळी घेणं, स्वतःला शांत करणं.

आमच्याकडे आजी रोज ताटं घेण्याआधी आत डोकावून विचारायची, 'कुकर झाला का?' लेकीला भूक लागली की ती हेच म्हणते, भर दुपारी, बागेतसुद्धा. दुसरं वाक्य लोकलमधलं, 'पुढील स्टेशन ठाणे, अगला स्टेशन ठाणे'. एका लग्नात, हॉलच्या गर्दीत, तिने ते एकसारखं सुरू केलं. उतरायची वेळ झाली, इथून निघू या, असा त्याचा अर्थ. आम्ही निघालो.

वहीच्या मागच्या बाजूला अशा वाक्यांचा कोश करा: वाक्य, पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल, आता कधी म्हणतं, अर्थ. अर्थ कळला की त्याच वेळी सोपं वाक्य जोडून द्या. 'कुकर झाला का. भूक लागली.' त्याचं वाक्य खोडू नका, शेजारी आपलं ठेवा.

८. घरात मराठीच बोला

'एकच भाषा ठेवा, इंग्लिशच बोला, गोंधळ होईल' हा सल्ला तुम्हाला जवळजवळ नक्की मिळेल. परदेशात असाल तर दुप्पट. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट आई ज्या भाषेत विचार करत नाही त्या भाषेत 'कम, सिट, ईट' एवढंच बोलायला लागली, की मुलाच्या कानावर पडणारी भाषाच आटते. आजीशी बोलणं तर बंदच. आमची लेक व्हिडिओ बघून इंग्लिश अक्षरं आणि रंग म्हणायची, 'आई' म्हणत नव्हती. अशी मुलं बरीच आहेत, घाबरू नका. शाळा इंग्लिश असेल तर शाळेचे शब्द इंग्लिशमध्ये, घरचे मराठीत, आणि टॅबवर दोन्ही.

९. आकांत होतो तेव्हा

त्या वेळी शिकवणं बंद. समजावणं बंद. प्रश्न बंद. दिवा मंद करा, माणसं बाहेर काढा, शेजारी गप्प बसा. जवळ घेतलेलं त्याला चालतं की नाही हे वहीत आधीच लिहिलेलं असेल.

मूल अचानक, कारण नसताना, नेहमीपेक्षा जास्त बिथरलं तर आधी दुखणं शोधा: दात, कान, पोट साफ न होणं. सांगता न येणाऱ्या मुलाचं दुखणं 'वागणूक' म्हणून खपून जातं.

मिक्सर लावायच्या आधी 'मिक्सर. आवाज.' म्हणून चित्र दाखवा. गणपतीत ढोल-ताशा पथक कधी जाणार ते मंडळात विचारून ठेवा आणि त्या वेळी मागच्या खोलीत जा. कानावर लावायचे हेडफोन घ्या. लोक बघतील, बघू देत.

१०. घरातली आणि बाहेरची माणसं

एका कागदावर लिहून द्या: मला काय आवडतं, काय सहन होत नाही, मी 'हो' आणि 'नाही' कसं सांगतो, माझ्याशी कसं बोलायचं. शाळेच्या बाईंना, रिक्षावाल्या काकांना, मामाला. 'काकांना नमस्कार कर' हा आग्रह सोडून द्या. लेक पाहुण्याला एक चिमटा नेऊन देते, आमच्याकडे तोच नमस्कार.

वेखंड उगाळून जिभेला लावल्याने बोलणं येत नाही. 'याचा बापही उशिराच बोलला' हे ऐकून घ्या आणि कामाला लागा. मूळ पेशींचे (स्टेम सेल) लाखो रुपयांचे उपचार सुचवणारे भेटले तर लक्षात ठेवा की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी ते न वापरण्याची भूमिका घेतलेली आहे.

११. कागदपत्रं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तिथे ऑटिझम किती आहे ते मोजायला इसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तुमची वही इथे कामाला येते, कारण अनोळखी खोलीतल्या अर्ध्या तासात मूल घरच्यासारखं वागत नाही. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करताना मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि निदानाचे कागद स्कॅन करून तयार ठेवा. नाव सगळीकडे एकसारखं लिहिलेलं आहे ना, ते आधी बघा. खेपा त्यातच वाढतात. कार्ड आलं की राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचं बघा. एक लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात थेरपीच्या खर्चालाही तरतूद आहे.

१२. थेरपिस्टला विचारायचे प्रश्न

पहिल्याच भेटीत विचारा. सेशनमध्ये मी बसू का? घरी काय करायचं ते करून दाखवाल का? चित्रं किंवा टॅब वापरता का? मूल रडलं तर तुम्ही काय करता?

'पालक आत चालत नाहीत' असं उत्तर आलं तर कारण विचारा, आणि ते पटलं नाही तर दुसरीकडे नाव नोंदवा. रडण्याच्या प्रश्नाला 'रडून रडून गप्प होतं' असं उत्तर आलं, तर कारणही विचारायची गरज नाही.